वीजबाजारातल्या सुधारणा आणि उत्पादकता: फायदा नेमका येतो कुठून?

घटकमापी

वीजक्षेत्रातल्या सुधारणांवरच्या बहुतेक अहवालांत एक साखळी ठरलेली असते. वीज मंडळाचं विभाजन झालं, स्पर्धा आली, दर उतरले, उद्योगांची उत्पादकता वाढली. यातली शेवटची कडी मला पटत नाही.

बहुतांश कारखान्यांच्या खर्चात विजेचा वाटा एकेरी टक्क्यांत असतो. ३ टक्के धरू. दर १० टक्के उतरला तर एकूण खर्च ०.३ टक्के कमी होणार. एवढा फरक कच्च्या मालाच्या एका खरेदीत इकडचा तिकडे होतो. शिवाय आदान (उत्पादनाला लागणारी गोष्ट, इथे वीज) स्वस्त झालं म्हणजे उत्पादकता वाढली असं नाही. तेवढीच माणसं, तीच यंत्रं, तेवढाच माल आणि तेवढीच वीज वापरून जास्त नग निघाले, तर ती वाढली म्हणायची. उत्पादन नगांऐवजी विक्रीच्या पैशांत मोजलं की किमतीतले बदल उत्पादकतेच्या खात्यात घुसतात ते वेगळंच.

मग दर बाजूला ठेवला तर परिणाम कोणत्या वाटेने होतो? तो मोजताना लोक हमखास कुठे फसतात? आणि सुधारणा होऊनही काही ठिकाणी उत्पादन उलट बसलं, ते कशामुळे? अॅल्युमिनियम किंवा क्लोर-अल्कलीसारखे विजेवरच चालणारे उद्योग सध्या वगळू, तिथे दराचा परिणाम उघडच आहे.

---

लोडडिस्पॅच

पहिला फायदा कारखान्यात शोधायचाच नाही, तो वीजउद्योगाच्या आतच होतो. तीच संयंत्रं, तेवढीच मागणी, आणि जळणाचा खर्च कमी. ही शुद्ध उत्पादकताच झाली.

आकडे सोपे घेऊ. 'अ' आणि 'ब' असे दोन विभाग. 'अ'मध्ये ३०० मेगावॉटचं एक संयंत्र आहे, चल खर्च (दर युनिटमागे वाढणारा, मुख्यतः जळणाचा) युनिटला २ रुपये. १ मेगावॉट तासभर चाललं की १,००० युनिट होतात. 'ब'मध्ये ३०० मेगावॉट ३ च्या खर्चाने आणि ३०० मेगावॉट ६ च्या खर्चाने. एखाद्या तासाला 'अ'ची मागणी २०० आणि 'ब'ची ४०० मेगावॉट आहे. प्रत्येक विभागाने आपापलं भागवलं तर 'अ'चा खर्च ४ लाख, 'ब'चा ९ + ६ = १५ लाख, एकूण १९ लाख. दोघांची मागणी एकत्र करून सगळ्यात स्वस्त संयंत्र आधी चालवलं, तर 'अ' पूर्ण ३०० वर चालतं, १०० मेगावॉट 'ब'कडे जातात, आणि ६ वालं संयंत्र बंद राहतं. खर्च ६ + ९ = १५ लाख. एका तासात ४ लाख वाचले आणि नवी वीट एकही रचली नाही.

आता मधली वाहिनी फक्त ५० मेगावॉटची असेल तर? खर्च १७ लाख, म्हणजे निम्मी बचत गेली. कायदा बदलला, वीज एक्स्चेंज (विजेच्या खरेदी-विक्रीचा बाजार) सुरू झाला आणि पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या) तेवढंच राहिलं, तर हेच होतं. त्या तासाला 'अ'मध्ये विजेची खरी किंमत २ आणि 'ब'मध्ये ६ असते. दोन्हीकडे एकच सरासरी भाव लावला, तर 'ब'मध्ये कुणाला मागणी कमी करावीशी वाटणार नाही आणि वाहिनी कुठे हवी आहे तेही दिसणार नाही. ठिकाणानुसार भाव लावायची पद्धत पीजेएमने (पूर्व अमेरिकेतलं ग्रिड आणि वीजबाजार चालवणारी संस्था) १९९८ मध्ये आणि टेक्सासने डिसेंबर २०१० मध्ये घेतली, ती याचसाठी.

प्रत्यक्षातली मोजमापंही आहेत. अमेरिकेत १९९९ ते २०१२ या काळात वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी बाजारपद्धतीकडे वळले. त्यावरच्या अभ्यासात वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलरची बचत निघाली, आणि ती आहे त्याच संयंत्रांमधली कामाची वाटणी बदलून झालेली. अणुभट्ट्या नियंत्रणमुक्त होऊन मोठ्या कंपन्यांकडे एकवटल्या, तेव्हा त्यांची कामगिरी साधारण १० टक्क्यांनी सुधारली. भट्टी बंद राहण्याच्या वेळा घटल्या आणि प्रत्येक वेळचा कालावधीही. कारण साधं आहे. खर्च अधिक ठरलेला नफा या हिशोबाने दर मिळत होता, तेव्हा इंधन बदलायला चार दिवस जास्त लागले तर बिल ग्राहकाकडे जायचं. बाजारात ते चार दिवस स्वतःच्या खिशातून जातात.

एक अवांतर. ब्रिटनच्या १९९० च्या खासगीकरणाचा जमाखर्च मांडणाऱ्या अभ्यासात खर्चात सुमारे ५ टक्के कायमची घट दिसली, पण तिचा मोठा भाग भागधारकांकडे गेला. उत्पादकता वाढली का, आणि फायदा कुणाला झाला, हे प्रश्न वेगळे ठेवा. दर उतरला नाही म्हणून सुधारणा फसली असं ठरत नाही. दर उतरला म्हणून ती यशस्वी झाली असंही नाही.

---

तिसरी पाळी

कारखान्याच्या बाजूने लिहितो. इथे दरापेक्षा विजेचा भरवसा कितीतरी मोठा, आणि तो सगळीकडे चुकीच्या फुटपट्टीने मोजला जातो.

नियामक वीजकंपनीला ज्या निर्देशांकांवर बक्षीस किंवा दंड लावतो ते म्हणजे सैडी (ग्राहकामागे वर्षात किती मिनिटं वीज नव्हती) आणि सैफी (किती वेळा गेली). पण यात फक्त 'दीर्घ' खंड धरतात. आयईईई १३६६ या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे ५ मिनिटांहून मोठे, युरोपात साधारणपणे ३ मिनिटांहून मोठे. त्याहून लहान खंड मैफी नावाच्या वेगळ्या निर्देशांकात जातात, आणि त्याच्यावर पैसे लावलेले फार कमी ठिकाणी आढळतात. व्होल्टेज नुसतं बसलं (ठरलेल्या मूल्याच्या ९० टक्क्यांखाली विजेच्या काही सायकलींपुरतं, म्हणजे सेकंदाच्या छोट्या भागापुरतं गेलं) तर ते या तिन्हींत कुठेच धरलं जात नाही.

आता वितरण कंपनी सैडी सुधारण्यासाठी काय करणार? फीडरवर (एका भागाला वीज पुरवणारी वाहिनी) ऑटो-रिक्लोजर, म्हणजे बिघाड होताच वीज तोडून लगेच परत जोडणारा स्विच बसवणार. फांदी टेकली, रिक्लोजर उघडला, अर्ध्या सेकंदात परत मिटला. घरातल्या ग्राहकाचा पंखा तेवढ्यात थांबतसुद्धा नाही. कारखान्यात मात्र कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) कॉइलवरचं व्होल्टेज ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आलं की तो काही सायकलींतच सुटतो, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) डीसी बस अंडरव्होल्टेजवर, म्हणजे आतलं व्होल्टेज खाली आल्यावर, ट्रिप होतो आणि अख्खी लाइन थांबते. प्लास्टिक एक्सट्रुजनमध्ये (वितळलेलं प्लास्टिक डाय नावाच्या साच्यातून ढकलून माल बनवणं) बॅरलमधला माल तिथेच शिजून खराब होतो. तो पर्ज करा (बाहेर काढून टाका), तापमान परत आणा, डाय साफ करा, जाडी जुळेपर्यंत निघालेला माल भंगारात टाका. ४० मिनिटं धरा. महिन्यात असे सहा झटके बसले तर ४ तास गेले. ६०० तासांच्या महिन्यात हे ०.६७ टक्के होतात, शिवाय वाया गेलेला माल. सैडीच्या खात्यात मात्र शून्य मिनिटं!

घटकमापी, तुमच्या ०.३ टक्क्यांशी ताडून बघा. दर १० टक्के उतरल्याचा जो फायदा, त्याच्या दुपटीहून जास्त उत्पादन सहा झटक्यांत जातं.

यावर उपाय करताना लोक थेट अख्ख्या लाइनला पुरेल एवढ्या यूपीएसचं कोटेशन मागवतात. त्याची गरज बहुतेकदा नसते. या क्रमाने जा:

१. इनकमर पॅनेलवर (बाहेरची वीज आत येते तिथे) पॉवर क्वालिटी अॅनालायझर लावा, मर्यादा ९० टक्के ठेवा आणि पावसाळ्यासकट पुरेसे महिने नोंद घ्या. प्रत्येक झटका किती खोल आणि किती मिलिसेकंदांचा, दोन्ही हवं.
२. प्रत्येक झटक्याला सगळ्यात आधी काय सुटलं ते पीएलसीच्या (यंत्र चालवणारा कंट्रोलर) अलार्म यादीतून काढा. बहुतेक वेळा मोटर नसते. एखादा २३० व्होल्टचा कंट्रोल रिले, कॉन्टॅक्टर किंवा २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय निघतो.
३. फक्त कंट्रोल सर्किटला छोटा यूपीएस किंवा कॉइल धरून ठेवणारं मॉड्यूल द्या. एकूण भाराच्या मानाने हा भार किरकोळ असतो. इमर्जन्सी स्टॉपचं सर्किट त्यातून कटाक्षाने वेगळं ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर जे सुटायला हवं तेही धरून राहील.
४. ड्राइव्हमध्ये कायनेटिक बफरिंग (फिरत्या मोटरच्याच ऊर्जेवर तग धरणं) आणि फ्लाइंग स्टार्ट (फिरती मोटर न थांबवता परत पकडणं) चालू करा. सुविधा असूनही ड्राइव्ह बनवणाऱ्याकडून आलेल्या सेटिंगमध्ये ती बहुतेकदा बंदच असते.
५. नव्या यंत्राच्या ऑर्डरमध्ये सेमी एफ४७ या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानकाची अट घाला, म्हणजे ५० टक्के व्होल्टेजवर ०.२ सेकंद, ७० टक्क्यांवर ०.५ सेकंद आणि ८० टक्क्यांवर १ सेकंद यंत्र न थांबता चाललं पाहिजे.

लांब खंडांची गोष्ट वेगळी. तिथे डिझेल जनरेटर येतो. ७५ टक्क्यांच्या आसपास भार असेल तर लिटरमागे साडेतीन ते चार युनिट मिळतात. ३० टक्क्यांखाली चालवला की सरासरी पडते आणि न जळलेलं इंधन एग्झॉस्टमध्ये साचतं. पण खरा तोटा इंधनाचा नाही, भांडवलाचा. जो पैसा नव्या यंत्रात जायचा तो वर्षातले बहुतेक तास झाकून ठेवलेल्या सेटमध्ये अडकतो.

---

पॅनेलडेटा

'तिसरी पाळी' यांच्या मैफीच्या मुद्द्याला +१. हा मुद्दा संशोधनातही बराचसा निसटलेला आहे, कारण तशी आकडेवारीच गोळा होत नाही.

मोजमापाकडे येतो. भारतीय कारखान्यांच्या १९९२ ते २०१० च्या आकडेवारीवर २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. वीजटंचाईने सरासरी कारखान्याचा महसूल ५ ते १० टक्क्यांनी घटतो, पण उत्पादकतेतली घट त्याहून बरीच कमी. वीज नसते तेव्हा कच्चा माल गोदामात तसाच राहतो, वाया जात नाही. उत्पादन घटतं तसा मालाचा वापरही घटतो, आणि गुणोत्तर फारसं हलत नाही. म्हणजे तुम्ही फक्त एकूण घटक उत्पादकता (सगळी आदानं मिळून मोजलेली) बघत बसलात तर 'परिणाम किरकोळ' असा निष्कर्ष निघेल, आणि तिकडे महसुलाला भोक पडलेलं असेल.

त्याच अभ्यासातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जनरेटर मोठा घेतला तर किलोवॉटमागे स्वस्त पडतो. त्यामुळे टंचाईचा मार जनरेटर नसलेल्या, म्हणजे बहुतेककरून लहान, कारखान्यांवर जास्त बसतो आणि उद्योगातल्या आकारांची वाटणीच वाकडी होते. चीनमधल्या कारखान्यांवरच्या एका अभ्यासात आणखी वेगळी वाट दिसली. टंचाई वाढली तसे कारखाने वीजखाऊ अर्धतयार माल स्वतः बनवायचं सोडून बाहेरून विकत घेऊ लागले. विजेची बचत झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात खर्च वाढलेला असतो.

फसायच्या जागा:

कार्यकारणाची दिशा. जिथे उद्योग झपाट्याने वाढतात तिथे मागणी वाढते आणि वीज तुटते. नुसता सहसंबंध काढला तर टंचाई उत्पादनाला पोषक आहे असंही निघू शकेल! म्हणून विजेच्या पुरवठ्याला हलवणारं, पण कारखान्याच्या मागणीशी थेट संबंध नसलेलं काहीतरी हवं. वर सांगितलेल्या भारतीय अभ्यासात जलविद्युत उपलब्धतेतला चढउतार वापरला होता. तिथेही पाऊस शेतीमार्गे मागणीवर परिणाम करतो का, ते तपासावं लागतं.

सुधारणेची तारीख. कायदा मंजूर झाला ते वर्ष घेतात, ते चूक. मोठ्या ग्राहकाला पुरवठादार बदलता आला ते वर्ष, बाजाराचा पहिला व्यवहार, वितरणाचं हस्तांतर, या वेगवेगळ्या तारखा आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे.

टप्प्याटप्प्याने झालेल्या सुधारणा. प्रदेश आणि वर्ष यांचे स्थिर परिणाम (प्रत्येक प्रदेशाचा आणि प्रत्येक वर्षाचा स्वतःचा ठरलेला फरक) धरून सरळ रिग्रेशन (आकड्यांतला संबंध काढायची पद्धत) चालवलं की आधी सुधारलेले प्रदेश नंतरच्यांसाठी तुलनागट बनतात. आधीच्यांचा परिणाम वर्षागणिक वाढत असेल तर उत्तर चुकतं, कधी चिन्हच उलटं येतं. तुलना अजून न सुधारलेल्या प्रदेशांशीच करा आणि सुधारणेआधीच्या वर्षांतले कल समांतर होते का ते आलेखात दाखवा.

बंद पडलेले कारखाने. नमुन्यात फक्त टिकलेले घेतले तर सरासरी आपोआप वर जाते.

---

ताळेबंद

दर उतरवून परिणाम होत नाही हे मान्य, पण दराची *रचना* विसरू नका. उद्योगाला खर्चाहून जास्त दर लावून इतरांचा दर खाली ठेवला की मोठा ग्राहक स्वतःचं छोटं संयंत्र टाकतो. देशाच्या हिशोबाने मोठं कार्यक्षम संयंत्र कमी चालतं आणि लहान, कमी कार्यक्षम संयंत्र जास्त. मोठा ग्राहक गेल्यावर उरलेल्यांवर स्थिर खर्चाचा बोजा वाढतो, मग त्यांतलाही पुढचा मोठा जातो. दराच्या या क्रॉस-सबसिडीला हात न लावता ओपन अॅक्सेस (दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घ्यायची मुभा) दिला की हे चक्र आणखी जोरात फिरतं.

आणि मालकीवरून वाद घालणाऱ्यांसाठी: नॉर्वेने १९९१ पासून बाजार खुला केला, पण निर्मिती बहुतांश सरकारी आणि नगरपालिकांच्याच मालकीची राहिली. बाजार आणि खासगीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

नियमावली

तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. सुधारणा उलटते ती बहुतेक वेळा भाव आणि मागणी यांच्यातला धागा तुटल्यामुळे.

कॅलिफोर्निया हे ठळक उदाहरण. १९९८ मध्ये बाजार सुरू झाला. घाऊक भाव मोकळा, किरकोळ दर गोठवलेला, आणि वितरण कंपन्यांना जवळपास सगळी वीज रोजच्या स्पॉट बाजारातूनच घ्यायला लावलेली. २००० च्या उन्हाळ्यात घाऊक भाव भडकले. बहुतेक ग्राहकांना काहीच जाणवत नव्हतं, त्यामुळे मागणी हलली नाही. मागणी हलत नाही हे ओळखून काही विक्रेत्यांनी वीज रोखून भाव आणखी चढवले. जानेवारी २००१ मध्ये पाळीपाळीने वीजकपात, एप्रिलमध्ये पीजी अँड ई ही वितरण कंपनी दिवाळखोरीत. दीर्घ मुदतीचे करार असते तर वीज रोखण्यात विक्रेत्याला एवढा फायदाच उरला नसता, कारण ज्याने आपलं बहुतेक उत्पादन आधीच ठरल्या भावाने विकलंय त्याला स्पॉट भाव चढवून फार काही मिळत नाही.

यावर नेहमीची प्रतिक्रिया येते: मग उद्योगाला स्थिर दर द्या. इथे बारकावा आहे. स्थिर *दर* आणि ठरलेल्या *प्रमाणाचा* करार यात जमीन-अस्मानाचा फरक. समजा कारखान्याने १०० मेगावॉटचा करार युनिटला ५ ने केलाय. एखाद्या तासाला स्पॉट १५ झाला. कारखान्याने ४० मेगावॉट भार बंद केला तर ते ४० मेगावॉट बाजारात १५ ने विकले जातात. तासाला ६ लाख मिळाले, मुळात दिलेले २ लाख वजा करा, ४ लाख हातात. त्या तासाचं उत्पादन ४ लाखांहून कमी फायद्याचं असेल तर बंद करणं शहाणपणाचं. जोखीम गेली आणि संकेतही शाबूत राहिला. 'कितीही वापरा, ५ ने मिळेल' या करारात संकेत मरतो.

हिशोबाचा कालखंडही तपासा. ऑस्ट्रेलियात डिस्पॅच (कोणत्या संयंत्राने किती चालायचं ते ठरवणं) दर ५ मिनिटांनी व्हायचा, पण पैसे ३० मिनिटांच्या सरासरीने मिळायचे. एका ५ मिनिटांत भाव उसळला की उरलेल्या वेळात सगळे उणे भाव लावून वीज ओतायचे, कारण सरासरी आधीच वर गेलेली असायची. त्या उसळीला ५ मिनिटांत प्रतिसाद देऊ शकणाऱ्या बॅटरीला आणि भार कमी करणाऱ्या कारखान्याला पूर्ण मोबदला मिळत नव्हता. १ ऑक्टोबर २०२१ पासून हिशोबही ५ मिनिटांचा झाला.

लहान ग्राहकांचंही तसंच. मीटर महिन्यातून एकदाच वाचला जात असेल आणि हिशोब ठरावीक सरासरी भारवक्रावर (दिवसभरात वापर कसा चढतो-उतरतो त्याचा ठोकताळा) होत असेल, तर रात्री यंत्र चालवणाऱ्याला एक पैसाही सुटत नाही.

फक्त भाव वर जाऊ दिला की सगळं सुटतं, असंही नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर या कमाल मर्यादेवर कित्येक दिवस होता. वायूच्या विहिरी आणि संयंत्रांतली उपकरणंच गोठली होती, मग भाव कितीही असो, वीज येणार कुठून? नंतर ती मर्यादा ५,००० वर आणली.

---

घटकमापी

सगळ्यांचे आभार. आता अडचण अशी की माझ्याकडे कारखान्यांचं मासिक उत्पादन, माल, कामगार-तास आणि वीजबिलं आहेत, पण वीज किती वेळा गेली याची नोंद नाही. दुसऱ्या कशावरून काढता येईल का?

---

तिसरी पाळी

बिलांवरून नाही, मीटरमधून निघेल. उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये बहुधा १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांचा लोड सर्व्हे (त्या त्या टप्प्यातल्या वापराची नोंद) आणि घटनांची यादी साठवलेली असते. यादीतल्या 'पॉवर फेल' नोंदींना सुरू आणि संपल्याची वेळ असते. मात्र मीटरची साठवण मर्यादित असते, जुनं पुसून नवं लिहिलं जातं, त्यामुळे डाउनलोड नियमित केलेलं नसेल तर मागचं मिळणार नाही. झटके यात येत नाहीत. त्यांच्यासाठी उपकेंद्रातल्या फीडर रिलेची (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) इव्हेंट फाइल मागा.

लोड सर्व्हेतून काढायचं असेल तर भार अचानक शून्यावर गेला आणि नंतर हळूहळू, पायऱ्यापायऱ्यांनी चढला, असे टप्पे शोधा. नियोजित बंदमध्ये उतरणही पायऱ्यांची असते. साप्ताहिक सुट्टी आधी वगळा.

---

पॅनेलडेटा

यात भर. जनरेटरची युनिटं भागिले एकूण युनिटं हे गुणोत्तर अनेक जण टंचाईचं माप म्हणून वापरतात. जनरेटर नसलेल्या कारखान्यात ते कायम शून्य येतं आणि सगळ्यात जास्त मार खाणारा कारखाना 'टंचाई नाही' या रकान्यात जाऊन बसतो. ते वापरायचंच असेल तर एकेका कारखान्याचं घेऊ नका. त्याच फीडरवरच्या जनरेटरवाल्या कारखान्यांची सरासरी काढा आणि ती फीडरवरच्या सगळ्यांना लावा. रिलेच्या फाइली मिळाल्या तर जोडण्याआधी मीटरचं घड्याळ आणि रिलेचं घड्याळ ताडून बघा. एखादा मोठा खंड दोन्हीकडे सापडतोच, त्यावरून फरक काढायचा.